दार उचलतं कोण?

जानेवारीतली सकाळ. मिनिआपोलिसच्या एका उपनगरातलं घर, बाहेर उणे २६ अंश, आणि सात वाजून गेले तरी उजाडायचं नाव नाही. माझा मावसभाऊ गॅरेजमध्ये गाडीत बसला आणि त्यानं दाराच्या रिमोटचं बटण दाबलं. छताला टांगलेली मोटर गुरगुरली, साखळी ताणली गेली, दार जागच्या जागी थरथरलं आणि थांबलं. मोटरवरचा दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा बटण, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दाराच्या वरच्या पत्र्यातून कर्रकन आवाज आला, तेव्हा तो खाली उतरला. दाराच्या तळाची रबरी पट्टी जमिनीच्या काँक्रीटला बर्फानं चिकटून बसली होती. त्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या गाडीतून कामावर गेला आणि संध्याकाळी परत आला तो निर्णय घेऊनच: दार उघडणारी ही मोटर, म्हणजे अर्ध्या एचपीचा ओपनर, काढून टाकायचा आणि सव्वा एचपीचा दणकट बसवायचा.

थंड मुलखात नव्यानं घर घेतलेली अनेक माणसं पहिल्या हिवाळ्यात याच निर्णयाला येतात. विहिरीवरचा तीन एचपीचा पंप पुरेना झाला की पाचचा बसवायचा, हे गणित आपल्या अंगात मुरलेलं आहे. गॅरेजच्या दाराला ते लागू पडत नाही. का पडत नाही हे एकदा कळलं की ओपनर निवडणं सोपं होतं. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडा वेळ दारापाशीच थांबू.

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मेकॅनिक, त्याचे काळे हात आणि रस्त्यावर उभ्या दुचाक्या. मिनिआपोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात गॅरेज ही घराचीच एक खोली. मिनिआपोलिसमध्ये जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे १३ अंशांच्या आसपास असतं. ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ पर्यंत उतरला, आणि अमेरिकी टपाल खात्यानं त्या दिवशी मिनेसोटात पत्रं वाटायचं काम थांबवलं. अशा ठिकाणी गाडी उघड्यावर ठेवली तर सकाळी काचेवरचं बर्फ खरवडण्यात हात बधिर होतात. त्यामुळे बरीच कुटुंबं गॅरेजमधूनच घरात येतात-जातात आणि पुढचं शोभेचं दार पाहुण्यांपुरतं उघडतं. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. घरातली एवढी मोठी हलणारी वस्तू दुसरी नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णतारोधक फोम भरलेलं असं दार ७० ते १०० किलोंचं सहज भरतं.

मग हे वजन उचलतं कोण? ओपनर उचलत नाही. उत्तर आपल्या बाजारपेठेतच आहे. सकाळी दुकानदार कुलूप काढतो, शटरला हात घालतो, एक हिसका देतो आणि एवढं जड शटर खडखडत वर जातं. ते त्याच्या दंडाच्या ताकदीवर जात नाही. वरच्या गुंडाळीत स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना त्या पिळल्या जातात आणि वर नेताना तो पीळ उलगडून वजन पेलतात. गॅरेजच्या दाराचंही तेच. दाराच्या वर आडवा दांडा, त्यावर जाड पोलादी स्प्रिंग, दांड्याच्या दोन टोकांना पोलादी दोर गुंडाळणारी चाकं. स्प्रिंग नीट ताणलेली असेल तर १०० किलोंचं दार एका हातानं उचलता येतं. ओपनरचं काम ते समतोल दार पुढे-मागे सरकवायचं, एवढंच. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकणारं दार १९२१ मध्ये आणलं आणि विजेवर चालणारा ओपनर त्यानंतर, १९२६ मध्ये. आधी दार हातानं सहज उघडेल असं झालं, मग त्याला मोटर लागली. खरेदीतही हाच क्रम पाळावा.

आता थंडीकडे येऊ. पुण्यात डिसेंबरमध्ये खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. २४ अंशांच्या खाली ते तेल गोठतं. दाराच्या रोलरमध्ये, बिजागऱ्यांमध्ये आणि मोटरच्या गिअरमध्ये जे ग्रीस असतं त्याची गतही तशीच होते, फक्त बऱ्याच खालच्या तापमानाला. उणे २५ ला साधं ग्रीस मेणासारखं होतं. उन्हाळ्यात घरंगळणारा रोलर फिरायचा थांबतो आणि रुळात घासत जातो. दहा-बारा रोलर असे घासायला लागले की समतोल दारसुद्धा जड लागतं. कुणी हौसेनं रुळातच ग्रीस भरलं असेल तर आणखी वाईट: त्यात वर्षभराची धूळ बसते आणि हिवाळ्यात त्याचा रेंदा होतो. रूळ कोरडे आणि स्वच्छ ठेवायचे. वंगण रोलरच्या बेअरिंगला, बिजागऱ्यांना आणि स्प्रिंगला द्यायचं, तेही थंडीत पातळ राहणारं, सिलिकॉनचं किंवा पांढरं लिथियम ग्रीस.

पोलाद आकसतं ते वेगळंच. १६ फूट रुंदीचा पत्रा अधिक २० अंशांवरून उणे ३० वर आला की जवळजवळ ३ मिलिमीटरनं लहान होतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण गॅरेज आतून गरम केलेलं असेल तर बाहेरचा पत्रा आकसतो, आतला आकसत नाही, आणि दाराची फळी धनुष्यासारखी किंचित वाकते. मधला भाग आत येतो, टोकं बाहेर राहतात, रोलर रुळांत तिरके बसतात. उन्हाळ्यात कुरकुर न करणारं दार फेब्रुवारीत कण्हायला लागतं ते अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र आल्यामुळे.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र पाणी. संध्याकाळी गाडी आत येते तेव्हा तिच्या चाकांच्या कमानींत बर्फ आणि मिठाचा चिखल भरलेला असतो. गॅरेजच्या उबेत तो वितळतो. गॅरेजची जमीन बांधतानाच दाराकडे उतरती ठेवतात. पाणी आणि सांडलेलं पेट्रोल घराकडे जाऊ नये म्हणून तसा नियमच आहे. तो योग्यच आहे. पण त्यामुळे सगळं पाणी ओघळत नेमकं दाराच्या रबरी पट्टीखाली येऊन थांबतं आणि पहाटेपर्यंत तिला जमिनीशी सांधून टाकतं. माझ्या भावाकडे हेच झालं होतं. यावर कुठल्याही मोटरचा इलाज नाही. रात्री झोपण्यापूर्वी रबरी फावड्यानं पाणी दाराबाहेर ढकलायचं आणि हिवाळ्याआधी पट्टीला सिलिकॉनचा फवारा द्यायचा. पट्टी कडक होऊन चिरली असेल तर बदलायची. चिकटलीच तर केस वाळवायच्या यंत्रानं किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं सोडवायची. उकळतं पाणी ओतू नका; दहा मिनिटांत तेही गोठतं.

आणि दार अडकलेलं असताना गाडीचं इंजिन सुरू ठेवू नका, मिनिटभरसुद्धा नाही. दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये गाडी गरम करत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि जोडून असलेल्या गॅरेजमधून तो घरात शिरतो.

आता सव्वा एचपीच्या प्रश्नाकडे. दार अडखळल्यावर ओपनर थांबतो किंवा उलट फिरतो, तेव्हा तो त्याला नेमून दिलेलं काम करत असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत आपोआप बंद होणाऱ्या दारांखाली सापडून लहान मुलं दगावली. त्यानंतर तिथल्या संसदेनं १९९० मध्ये कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला दोन संरक्षणं सक्तीची झाली. खाली येणारं दार कशाला टेकलं तर दोन सेकंदांच्या आत उलट फिरलं पाहिजे. शिवाय दाराच्या दोन बाजूंना अदृश्य किरणांचे डोळे, किंवा दाराच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी हवी. म्हणजे ओपनर सतत स्वतःला विचारत असतो: नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय का? लागत असेल तर मध्ये काहीतरी आहे. ते मूल आहे की गोठलेलं ग्रीस, हे त्याला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून थांबणं हेच बरोबर.

बरेचसे ओपनर हा 'नेहमीचा जोर' बसवण्याच्या दिवशी शिकतात. घरं विकली जातात उन्हाळ्यात, ओपनर बसतात जुलैमध्ये, आणि जानेवारीतलं ताठरलेलं दार त्यांना अडथळा वाटतं. इथं दोन चुका होतात. एक म्हणजे जोराची मर्यादा वाढवत नेणं, म्हणजे संरक्षण हळूहळू काढून टाकणं. दुसरी म्हणजे मोठी मोटर. ती चिकटलेलं दार खेचते खरी, पण पट्टी फाटते, वरच्या फळीला जिथं ओपनरचा हात जोडलेला असतो तिथला पत्रा वाकतो, नाहीतर मोटरमधला प्लॅस्टिकचा गिअर झिजून जातो. एका गाडीच्या दाराला अर्धा एचपी आणि दोन गाड्यांच्या फोम भरलेल्या दाराला पाऊण एचपी पुरतो. सव्वा एचपी भरीव लाकडाच्या किंवा अवाढव्य दारासाठी.

एचपीपेक्षा मोटर कोणत्या जातीची हे बघा. जुन्या एसी मोटरी बटण दाबताच पूर्ण वेगानं हिसका देतात. डीसी मोटर हळू सुरू होते, वेग घेते आणि शेवटी पुन्हा हळू होते. रात्रभर आखडलेल्या दाराला ही सुरुवातीची सबुरी फार उपयोगी पडते, कारण रोलर पहिल्या फुटभरातच मोकळे होतात. थंड प्रदेशात मी डीसीशिवाय दुसरी घेण्याचा सल्ला देणार नाही.

मोटरचा जोर दारापर्यंत नेण्याच्या चार रीती बाजारात आहेत. त्यांतली आट्यांच्या दांड्याची रीत सरळ बाजूला ठेवावी. यात लांबलचक पोलादी दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि दार ओढणारा ठोकळा त्यावरून सरकतो. आठ-दहा फुटांच्या दांड्याला ग्रीस लागतं, आणि ग्रीसचं थंडीत काय होतं ते वर आलंच आहे. उबदार राज्यांत ही रीत ठीक, मिनेसोटात नको.

साखळीला थंडीचं काही वाटत नाही. लोखंड लोखंडावरून चालतं, स्वस्त असतं, वर्षानुवर्षं टिकतं. आवाज मात्र करतं. मिनिआपोलिसच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरामागच्या बोळात स्वतंत्र गॅरेजं असतात, गरम न केलेली, घरापासून पंधरा-वीस पावलांवर. तिथं साखळीच घ्यावी. आवाज ऐकायला कोणी नसतं. उपनगरांतली गॅरेजं घराला जोडलेली आणि बरेचदा वर झोपायची खोली. पहाटे पाचला कामावर निघणाऱ्यानं साखळी ओढली तर वरचं बाळ उठतं. अशा घरांत पट्टा. आतून धागे किंवा पोलादी तारा घालून मजबूत केलेल्या रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा हा पट्टा असतो. थंडीत पट्टे ताठ होतात ही जुनी तक्रार आहे. आताचे चांगले पट्टे ती फारशी येऊ देत नाहीत, पण माहितीपत्रकात किमान किती तापमानाला तो चालतो हे लिहिलेलं असतं, ती ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौथी रीत भिंतीवरच्या ओपनरची, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ती सगळ्यात महाग आहे आणि सध्या तिची हौस फार आहे. हा ओपनर छताला टांगत नाहीत. तो दाराच्या बाजूला भिंतीवर बसतो आणि स्प्रिंगचा दांडाच फिरवतो. छत मोकळं राहतं, आवाज कमी, लांब रूळ नाही. पण एक भेद लक्षात घ्या. छताचा ओपनर दार वरही ओढतो आणि खालीही ढकलतो. भिंतीवरचा ओपनर खाली ढकलू शकत नाही. तो फक्त दोर सैल सोडतो आणि दार स्वतःच्या वजनानं उतरतं. वरच्या टोकाला रोलर आखडलेले असतील आणि दार उतरायला तयार नसेल, तर दोर ढिला पडतो, चाकावरून सुटू शकतो. म्हणून यात दोराचा ताण ओळखणारा खटका असतो, आणि तो दार थांबवतो. दार समतोल, रोलर चांगले आणि गॅरेज थोडंफार उबदार असेल तर हा ओपनर उत्तम चालतो. तसं नसेल तर छताचाच बरा. दाराला पिळाची स्प्रिंग नसून बाजूला ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगा असतील तर तो बसतच नाही.

वीज गेल्यावर चालणारी बॅटरी घ्यावी का? कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून नव्या घरगुती ओपनरला ती सक्तीची आहे. २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि माणसांना दारं उघडेनात, त्यातून हा नियम आला. बर्फाच्या वादळात वीज जाते तिथंही ती हवीच, पण तिच्यावर विसंबण्याची मर्यादा ओळखा. या बॅटऱ्या बरेचदा शिसं-आम्लाच्या असतात आणि उणे २० ला त्यांची क्षमता सुमारे निम्म्यावर येते. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटू शकते. गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ती दर दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. रिमोटमधल्या बटणासारख्या बॅटरीलाही थंडी सोसत नाही. रिमोट रात्रभर गाडीत न ठेवता खिशात ठेवला तर सकाळच्या निम्म्या कटकटी मिटतात.

फोनवर दाराची स्थिती कळणं मला आधी निव्वळ चैन वाटायची. मिनेसोटात ती गरज आहे. सकाळी तुम्ही बटण दाबून निघता, दार खाली येतं, जमिनीवरच्या बर्फाच्या उंचवट्याला टेकतं, अडथळा समजून पुन्हा वर जातं. तुम्ही वळणापलीकडे गेलेले असता. उणे २६ मध्ये दिवसभर दार सताड उघडं, आणि शेजारच्या भिंतीतला पाण्याचा नळ गोठून फुटलेला. फोनवर सूचना आली असती तर अर्ध्या वाटेतून परतता आलं असतं.

किरणांच्या डोळ्यांचीही हिवाळ्यातली अडचण वेगळी असते. ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर बसवायचे नाहीत, कारण रांगतं मूल सापडायला हवं. पण मिनिआपोलिसमध्ये २१ डिसेंबरच्या दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंशांवर असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर जमिनीला लागूनच. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅरेजमध्ये ते तिरपं ऊन थेट किरण घेणाऱ्या डोळ्यात शिरतं, त्याला समोरचा किरण दिसेनासा होतो आणि दार बंद व्हायला नकार देतं. लोक यंत्र बिघडलं म्हणून कारागिराला बोलावतात. तुम्ही ज्या वेळी गॅरेज जास्त वापरता त्या वेळी ज्या बाजूच्या डोळ्यावर ऊन येत नाही तिथं किरण घेणारा डोळा बसवून घ्या. भिंगावर साचलेलं दव आणि मिठाचा थर मऊ फडक्यानं पुसत राहा.

माझ्या भावानं शेवटी काय केलं? पुढच्या शनिवारी त्यानं कारागीर बोलावला. रोलरपैकी चार फिरतच नव्हते, पट्टी दगडासारखी झाली होती, आणि स्प्रिंग जवळजवळ संपलेली होती. साधी स्प्रिंग १०,००० फेऱ्यांसाठी बनवतात. दिवसाला चार वेळा दार उघड-बंद झालं तर सात वर्षांच्या आतच त्या भरतात. थंडीत पोलादाला आतली बारीक भेग सोसवत नाही, म्हणून स्प्रिंगा कडाक्याच्या सकाळी बंदुकीसारखा बार काढून तुटतात. त्यानं २५,००० फेऱ्यांची स्प्रिंग, नवे रोलर आणि नवी पट्टी बसवून घेतली. तो जुना अर्ध्या एचपीचा ओपनर पुढचे दोन हिवाळे चालला. नंतर पट्ट्याचा, पाऊण एचपीचा डीसी ओपनर आला, तो वरच्या मजल्यावर मुलगी झोपते म्हणून.

तुम्ही घेणार असाल तर ऑक्टोबरमध्ये एक परीक्षा घ्या. दार पूर्ण बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून दार मोकळं करा आणि हातानं कमरेपर्यंत उचलून सोडा. ते तिथंच थांबलं तर दार ठीक आहे, आता ओपनर बघायला जा. खाली आलं किंवा वर पळालं तर आधी स्प्रिंग. नवा ओपनर बसला की थंडी पडल्यावर त्याचा जोर पुन्हा शिकवा, आणि लगेच दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून दार बंद करा. फळीला टेकून ते उलट फिरलंच पाहिजे. फिरलं नाही तर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नका. तिच्यात साठलेला पीळ हाताची हाडं मोडू शकतो. आणि ती तुटलेली दिसली तर लाल दोरी ओढू नका: दार वर असेल तर ते सगळं १०० किलो वजन घेऊन खाली येईल.